खिशातली गोळी आणि चष्म्याच्या डबीतली गोळी

"ताई, माझे मिस्टर ५६ वर्षांचे. शुगर बरीच वर्षं आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकलाय. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिलीय, ती कायम शर्टाच्या खिशात असते. ऑपरेशननंतर आमच्यातली जवळीक जवळजवळ बंदच झाली, त्यांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मागच्या आठवड्यात आवराआवर करताना त्यांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत चार गोळ्यांची स्ट्रिप सापडली, एक गोळी गेलेली. नाव मोबाईलवर टाकून बघितलं तर ती 'तसली' गोळी निघाली. तेव्हापासून झोप उडालीय. एक काळजी हार्टची. आणि दुसरी लिहायलाही लाज वाटते, की मला तर काहीच माहीत नाही, मग घेतात कोणासाठी? स्ट्रिप फेकून देऊ का? विचारू तर कसं विचारू?"
(सातारा जिल्ह्यातली एक मैत्रीण, वय ४९)

ताई, आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं मग चहा घेऊन निवांत वाचा. ती डबीतली गोळी आणि ती खिशातली सॉर्बिट्रेट, ह्या दोन गोळ्या एका माणसाच्या अंगात एकत्र येता कामा नयेत. बीपी इतकं खाली जाऊ शकतं की माणूस जागेवर कोसळतो आणि कधीकधी जीवही जातो. तुमची काळजी अगदी रास्त आहे, उगाच घाबरताय असं मुळीच नाही.

म्हणून आज एवढंच करा, स्ट्रिपचा फोटो काढून ठेवा आणि मोठ्या अक्षरातल्या नावाखाली बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. तिथे बहुतेक सिल्डेनाफिल असेल नाहीतर टाडालाफिल (ताठरतेसाठीच्या गोळ्यांतली ही मूळ औषधं), आणि पुढे आकडा असेल, ५० किंवा १०० किंवा १० किंवा २०. हे का बघायचं तर सिल्डेनाफिल घेतली असेल तर त्यानंतर निदान २४ तास सॉर्बिट्रेट चालत नाही, आणि टाडालाफिल असेल तर निदान ४८ तास, म्हणजे शनिवारी रात्री घेतलेली गोळी सोमवारी दुपारीसुद्धा अंगात काम करत असते. आता आपल्याकडे काय होतं तुम्हाला माहितीय, कोणाच्या छातीत दुखलं की शेजारचे काका धावत येतात आणि आपल्या खिशातली सॉर्बिट्रेट काढून जिभेखाली ठेवतात, मनात चांगलंच असतं त्यांच्या, पण त्या माणसाने आदल्या रात्री काय घेतलंय हे त्यांना कुठे माहीत असतं, आणि ज्याला माहीत असतं तो बोलायच्या अवस्थेत नसतो.

मी फार्मासिस्ट आहे, २६ वर्षं तालुक्याच्या गावात मेडिकल चालवलं. ही गोळी मागायला येणारा माणूस मला लांबून कळायचा. दुकानात गर्दी असली की तो टूथपेस्टच्या कपाटासमोर उभा राहणार, लहान मुलाच्या पावडरीच्या डब्यावरची किंमत वाचत बसणार, सगळी गिऱ्हाईकं गेली की काउंटरशी येणार आणि त्यातही मी बाई बघून परत जाणार किंवा आमच्या पोऱ्याला हळूच बोलावून मोबाईलवरचा फोटो दाखवणार. एकदा असाच एक जण आला, पन्नाशी उलटलेला. मी त्याला ओळखत होते कारण दर महिन्याच्या पाच तारखेला तो हार्टच्या गोळ्या न्यायचा आणि त्या यादीत नायट्रेटची गोळी होती (सॉर्बिट्रेट त्याच जातीची), सकाळ संध्याकाळ. मी विचारलं, भाऊ, ही आणि ती दोन्ही घेणार? तर तो खरोखर चकित झाला. म्हणाला, ताई, ती छातीची आहे, ही खालची आहे, दोघींचा काय संबंध? त्या दिवशी मी त्याला गोळी दिली नाही, बाकावर बसवलं आणि संबंध समजावून सांगितला, तोच तुम्हालाही सांगते.

आपल्या रक्तवाहिन्या सैल व्हाव्यात म्हणून शरीर नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक निरोप पाठवतं, त्यातून एक रसायन तयार होतं आणि त्याने नसा रुंदावतात. सॉर्बिट्रेट हा निरोप बाहेरून देते, म्हणून छातीतली कळ कमी होते. सिल्डेनाफिल निरोप देत नाही, ते फक्त त्या रसायनाचा निचरा अडवून धरतं. आता असं समजा की एकाने बाथरूमचा नळ पूर्ण सोडला आणि दुसऱ्याने मोरीला बोळा लावला. एकेकटं असेल तर निभतं, दोन्ही एकदम झालं की घरभर पाणी. शरीरभर नसा सैल पडतात, बीपी कोसळतं, आणि जे हार्ट आधीच अर्धवट रक्तावर चाललंय त्यालाच रक्त मिळेनासं होतं. छातीची आणि खालची अशा वेगळ्या नसा नाहीत हो, सगळं एकाच नळाला जोडलेलं आहे.

त्यांच्या रोजच्या गोळ्यांचीही फाईल काढून बघा. खिशातली सॉर्बिट्रेट हे एक, पण रोजच्या गोळ्यांमध्ये आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट किंवा डायनायट्रेट असं काही लिहिलंय का, नायट्रोग्लिसरीन आहे का (काहींना त्याचा स्प्रे असतो), निकोरँडिल आहे का, ह्यातलं एक जरी रोज चालू असेल तर ती डबीतली गोळी त्यांच्यासाठी नाहीच, अर्धी नाही, पाव नाही. आणि उलटंही करू देऊ नका, म्हणजे आज रात्री ती घ्यायचीय म्हणून सकाळची हार्टची गोळी चुकवायची असं काही पुरुष करतात, ते तर आणखी वाईट. लघवीला अडतं म्हणून प्रोस्टेटची टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, ती आणि ही मिळून उठल्यावर चक्कर येऊन पडायला होतं.

आता तुम्ही म्हणाल मग ही गोळीच विष आहे का. तसं नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते कारण घाबरून तुम्ही घरात वादळ उठवाल. हे औषध मुळात छातीच्या दुखण्यावरच शोधत होते, फायझर कंपनीच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत, छातीवर फारसा उपयोग झाला नाही पण ज्यांच्यावर चाचणी चालली होती त्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला, आणि २७ मार्च १९९८ ला अमेरिकेत व्हायग्रा नावाने परवानगी मिळाली. म्हणजे पंचवीस वर्षांहून जास्त काळ जगभर माणसं हे घेतायत आणि योग्य माणसाने योग्य डोसमध्ये, डॉक्टरांना विचारून घेतलं तर बहुतेकांना साधं डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, ॲसिडिटी ह्यापलीकडे काही होत नाही. सिल्डेनाफिलने काहींना थोडा वेळ सगळं निळसर दिसतं, टाडालाफिलने कंबर नाहीतर पायाचे स्नायू दुखतात. अँजिओप्लास्टी झाली म्हणजे आयुष्यभर बंदी असंही नाही. डॉक्टर साधारण हे बघतात की माणूस दोन जिने न थांबता भरभर चढला तर छातीत दुखतं का, दम लागतो का, कारण संबंधाच्या वेळी हार्टवर साधारण तेवढाच ताण येतो, आणि शंका असेल तर ट्रेडमिलवर चालवून स्ट्रेस टेस्ट करतात. गेल्या सहा महिन्यांत ॲटॅक किंवा पॅरालिसिसचा झटका आला असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल, बीपी फार खाली किंवा फार वर असेल तर मात्र नाही म्हणजे नाही.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत प्रश्न दोनच आहेत. सॉर्बिट्रेट त्यांना खरंच लागते का, की ऑपरेशननंतर दिली म्हणून दोन वर्षं नुसती खिशात फिरतेय? आणि ती लागत नसेल तर हार्टचे डॉक्टर काय म्हणतात? हा निर्णय त्यांचा, तुमचा नाही, मिस्टरांचा नाही आणि माझाही नाही.

डोसचं पण बघा. मेडिकलमध्ये गुपचूप मागितली की हातात पडते ती बहुतेक वेळा १०० ची, कारण माणसाला वाटतं मोठी म्हणजे चांगली. डॉक्टर साधारण ५० पासून सुरू करतात, पासष्टीच्या पुढे किंवा किडनी लिव्हर कमजोर असेल तर २५ पासून, आणि शुगरवाल्या माणसाची किडनी कशी आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. २४ तासांत एकदाच घ्यायची. रविवारी मटणाचं जेवण, वर दोन पेग, मग गोळी, मग तासाभरात काही होईना म्हणून दुसरी गोळी, हे मी किती जणांकडून ऐकलंय. तेलकट जेवणाने सिल्डेनाफिलचा परिणाम तासभर उशिरा सुरू होतो एवढंच, गोळी खोटी नसते, पण दोन्ही मिळून अंगात चढतात आणि दारूने बीपी अजून खाली जातं. आणि मनात ओढ नसेल तर गोळी आपलीआपण काही करत नाही, हे तर कोणी सांगतच नाही. ताठरता चार तासांच्या वर राहिली तर लाजत घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, नाहीतर तिथल्या टिश्यूचं कायमचं नुकसान होतं. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर तेही तसंच, पुढची गोळी बंद आणि लगेच डॉक्टर. हे फार क्वचित होतं, पण झालं तर वेळ घालवता येत नाही.

ही गोळी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, स्ट्रिपवर शेड्यूल एच ची सूचना असते. तरी विकली जाते, हे मला माहीत आहे आणि मला त्याचा त्रास होतो, कारण चिठ्ठी मागणं म्हणजे गिऱ्हाईकाचा अपमान असं आमच्या धंद्यातल्याच अनेकांना वाटतं. खरं तर ती चिठ्ठी मागणं हाच एक क्षण असतो जिथे कोणीतरी त्या माणसाला विचारू शकतं, की बाबा, हार्टचं काही चालू आहे का.

आणि कृपा करून ह्यावर उपाय म्हणून त्यांना रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैद्याकडे किंवा 'शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही' असल्या पावडरीकडे वळवू नका. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिराती करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी रेल्वेच्या रुळाकडेच्या भिंती भिंती रंगलेल्या असतात. असल्या पुड्यांमध्ये न सांगता हीच सिल्डेनाफिल कुटून घातलेली अनेक देशांत वारंवार सापडलीय, म्हणजे माणूस समजतो मी जडीबुटी खातोय आणि सॉर्बिट्रेटशी गाठ तीच पडते. सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत डायबेटिस नसलेली १५० माणसं शुगर एकदम तळाला जाऊन हॉस्पिटलमध्ये आली, त्यातली ४ दगावली, आणि शोध घेतला तर नकली सेक्सच्या गोळ्या आणि हर्बल म्हणून विकलेल्या औषधांत शुगर उतरवणारं ग्लिबेनक्लामाइड भरलेलं निघालं. तुमचे मिस्टर तर आधीच शुगरची औषधं घेतात, त्यांच्यावर असलं काही गेलं तर रात्री झोपेतच शुगर उतरेल आणि तुम्हाला वाटेल दमलेत, झोपलेत.

अजून एक, आणि हे इतर वाचणाऱ्यांसाठी पण आहे. ताठरता आणणाऱ्या रक्तवाहिन्या एक ते दोन मिलिमीटरच्या, हार्टच्या तीन ते चार. चरबी साठायला लागली, शुगरने नसा खराब व्हायला लागल्या की आधी बारीक नळी तुंबते. त्यामुळे ताठरतेची तक्रार कित्येकदा छातीत दुखायच्या काही वर्षं आधी सुरू होते. चाळिशी पन्नाशीतल्या ज्या माणसाला हा त्रास नव्याने सुरू झालाय त्याने गोळी विकत आणण्याआधी शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, ईसीजी करून घ्यावं, तंबाखू बिडी असेल तर आजच सोडावी, तो धूर आणि ती गोळी एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. तुमच्या मिस्टरांना शुगर आहे, अँजिओप्लास्टी झालीय, शिवाय बीपी हार्टच्या काही गोळ्यांनीही हा त्रास वाढतो, म्हणजे कारणं भरपूर आहेत आणि त्यातलं एकही त्यांच्या पुरुषपणाबद्दल नाही. (त्या संशयावरून कुठलीही गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून बदलता येते.)

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो तुम्ही शेवटी लिहिलाय पण मला वाटतं रात्री जागवतो तोच. कोणासाठी घेतात? ताई, मी त्यांच्या मनात शिरून शपथ घेऊ शकत नाही. पण काउंटरवर इतकी वर्षं जे बघितलं त्यावरून सांगते, जी माणसं अशी गोळी लपवतात त्यातली बहुतेक बायकोपासून लपवतात कारण बायकोसमोरच नापास व्हायची भीती असते. हार्टचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तर दुहेरी भीती, जमलं नाही तर लाज, आणि जमताना काही झालं तर? एक गोळी गेलीय म्हणजे कदाचित एकट्याने घेऊन बघितली असेल, काय होतं ते, आणि डोकं दुखायला लागलं म्हणून घाबरून ठेवून दिली असेल. तुम्ही विषय काढला नाहीत तो त्यांच्या तब्येतीला जपायला, त्यांना वाटलं असेल हिला आता नकोच आहे. दोघंही एकमेकांना जपत दोन वर्षं गप्प बसलात.

आणि तुमचं स्वतःचं काय, हेही विचारते, कारण पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. ४९ म्हणजे पाळी जायचे दिवस, कोरडेपणा येतो, दुखतं, इच्छा कमी जास्त होते. तसं असेल तर तेही त्यांना कळू दे, स्त्रीरोग डॉक्टरांना दाखवा, मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेली मिळते ती साधी आणि सुरक्षित आहे. त्यांनी गोळी घ्यायची आणि तुम्ही मुकाट सहन करायचं, असं ह्यातलं काही व्हायला नको.

स्ट्रिप फेकू नका. ते दुसरी आणतील आणि अशा जागी ठेवतील की तुम्हाला सापडायची नाही. बोला, आणि लवकर बोला, पण रात्री अंथरुणावर नको, मुलं घरात असताना नको. ते सकाळी फिरायला जातात का? अँजिओप्लास्टीनंतर सांगितलेलं असतंच. तर बरोबर जा आणि चालता चालता बोला, शेजारी शेजारी चालताना डोळ्यात बघायला लागत नाही, मग अवघड गोष्ट सोपी जाते. असं काहीतरी म्हणा, "अहो, आवरताना मला ती स्ट्रिप दिसली. मी चिडलेली नाहीये. पण तुमच्या खिशातल्या गोळीबरोबर ती चालत नाही, जिवावर बेततं, हे मला कळलं आणि मला भीती वाटली. डॉक्टरांना विचारेपर्यंत घेऊ नका. आपण दोघं मिळून विचारू." एवढंच बोला आणि थांबा. ते कदाचित चिडतील, कदाचित 'मित्राने दिली, माझी नाही' म्हणतील. म्हणू देत. ह्या दोन गोळ्यांची गाठ पडता कामा नये एवढं कानावर गेलं तरी त्या दिवसाचं काम झालं. कोणासाठी हा प्रश्न त्याच वाक्यात जोडू नका, तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण जिवाचं आधी.

डॉक्टरांकडे विचारायची अडचण मला माहीत आहे. ओपीडीत आत एक पेशंट, दारात तीन, कंपाउंडर ओरडतोय, तिथे कोण तोंड उघडणार. त्यासाठी एक साधी गोष्ट करा. छोट्या कागदावर लिहा, 'सिल्डेनाफिल (जे नाव असेल ते) घ्यायची इच्छा आहे. सॉर्बिट्रेट खिशात आहे. चालेल का? सॉर्बिट्रेटची गरज आहे का?' आणि तो कागद फाईलच्या पहिल्या पानाला पिन करा. डॉक्टर वाचतील, समजतील, त्यांना हा प्रश्न रोजचा आहे. नाही म्हणाले तरी रस्ता संपत नाही, युरोलॉजिस्टकडे पंपाचं साधन असतं, इंजेक्शन असतं, त्यांच्या सल्ल्याने.

आणि तोपर्यंत कधी छातीत दुखलंच तर, काही चालू असेल ते थांबवायचं, त्यांना बसवायचं, गेल्या दोन दिवसांत ती गोळी घेतली का हे तोंडावर विचारायचं, आणि हो म्हणाले किंवा तुम्हाला नुसती शंका जरी असली तर सॉर्बिट्रेट द्यायची नाही, शेजाऱ्यांनाही देऊ द्यायची नाही. १०८ लावा. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना आणि हॉस्पिटलमध्ये परत एकदा, सासूबाई उभ्या असोत की मुलगा, मोठ्याने सांगा की ह्यांनी ही गोळी अमुक वाजता घेतलीय, आणि मोबाईलमधला फोटो दाखवा. त्यांच्याकडे दुसरी औषधं असतात, पण त्यांना कळलं तरच ती वापरता येतात.

तो फोटो आज काढा. आणि डॉक्टरांची पुढची तारीख कधीची आहे ते मला कळवा.